लिटल लीग वर्ल्ड सिरीज: धावफलकाशेजारचा तो लहान आकडा बघा

दुसरा_बेस

ऑगस्ट आला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, की बारा वर्षांच्या पोरांच्या बेसबॉलचं एवढं काय कौतुक? मागच्या एका धाग्यावरही तीन-चार जणांनी विचारलं होतं आणि तिथे अवांतर व्हायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा. मी बरीच वर्षं ही स्पर्धा बघतो आणि मुलांच्या एका लीगमध्ये स्कोअरबुक लिहितो. मला यात जे सगळ्यात मोलाचं वाटतं, त्याबद्दल टीव्हीवर फार कमी बोललं जातं.

आधी ओळख, थोडक्यात. कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला लिटल लीग सुरू केली. वर्ल्ड सिरीज आली १९४७ साली, आणि पहिली सिरीज गावातल्याच मेनार्ड संघाने जिंकली. १९५९ पासून सामने नदीपलीकडे साउथ विल्यम्सपोर्टला लमाड स्टेडियमवर होतात. २००१ साली शेजारी व्हॉलंटियर स्टेडियम झालं तेव्हा संघ ८ चे १६ झाले आणि २०२२ पासून २० आहेत. दहा अमेरिकेतले, दहा बाहेरचे. दोन्ही बाजूंचे सामने वेगळे चालतात, दोनदा हरला तो घरी जातो. शनिवारी दोन्हीकडचे विजेते ठरतात आणि रविवारी ते समोरासमोर येतात.

मुलं १० ते १२ वर्षांची. सामना सहा इनिंगचा. दोन बेसमध्ये ६० फूट, आणि पिचरपासून (चेंडू टाकणाऱ्यापासून) होम प्लेटपर्यंत (बॅटर उभा राहतो तिथपर्यंत) ४६ फूट. मोठ्यांमध्ये हेच अंतर ६० फूट ६ इंच असतं. म्हणजे इथे ताशी ७० मैलांनी आलेला चेंडू बॅटरपर्यंत जेवढ्या वेळात पोचतो, तेवढ्या वेळात मोठ्यांच्या मैदानावर पोचायला तो ९२ मैलांच्या आसपास टाकावा लागेल. हे डोक्यात ठेवून बघा, त्या पोरांच्या बॅटिंगबद्दलचं मत बदलेल.

आता मुद्दा. स्क्रीनच्या कोपऱ्यात धावफलकाशेजारी एक लहान आकडा असतो, पिच काउंट. त्या पिचरने आज किती चेंडू टाकले तो आकडा. २००७ पासून लिटल लीगने इनिंगची मर्यादा काढून चेंडूंची मर्यादा आणली. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५. पण खरी गंमत ८५ च्या खाली आहे. २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकता येतात. २१ ते ३५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाले की चार दिवस.

हे वेळापत्रकावर ठेवून बघा. संघाचा हुकमी पिचर बुधवारी ६५ वर थांबला तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार विश्रांती होऊन तो रविवारी फायनलला उभा राहू शकतो. एक बॅटर जास्त खेळवला आणि आकडा ६६ वर गेला, की तो फायनलला पिचिंग करूच शकत नाही. शनिवारी २० च्या आत थांबवला तर रविवारी हाताशी आहे, पुढे गेला तर नाही. म्हणून बुधवारी, एका धावेच्या आघाडीवर, मॅनेजर डगआउटमधून (मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवरून) चालत येतो आणि सगळ्यात चांगल्या टाकणाऱ्या पोराच्या हातातून चेंडू काढून घेतो. मैदानावरचे लोक हळहळतात. त्या माणसाने रविवारचा विचार केलेला असतो, आणि नियमाने त्या पोराच्या कोपराचा.

बेसबॉलमधला डावपेच आणि मुलाची काळजी एकाच आकड्यात बसवल्यात, याचं मला फार अप्रूप आहे. कोचने चांगलं वागावं अशी नुसती विनंती केली असती तर रविवारच्या कपासाठी ती कुणी ऐकली असती असं मला वाटत नाही. इथे आज मुलाला जास्त राबवलंत तर परवा तुमचाच संघ अडकतो.

---

मीनल_प

छान लिहिलंय. दोन शंका. बॅटर समोर असताना मध्येच ८५ झाले तर? आणि माउंडवरून (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून) उतरवलेला मुलगा बाहेरच बसतो का?

---

दुसरा_बेस

मीनल, समोरचा बॅटर संपेपर्यंत तो टाकू शकतो. २०, ३५, ५०, ६५ या टप्प्यांनाही तसंच आहे. बॅटर समोर असताना टप्पा गाठला आणि त्या बॅटरनंतर मुलाला काढलं, तर विश्रांती खालच्या टप्प्याचीच धरतात. त्यामुळे १९ वर असताना समोरच्या बॅटरने फाउलमागून फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके, ज्यांनी पाळी लांबत जाते) मारले तरी पोराचं नुकसान होत नाही.

बाहेर बसायची गरज नाही. तो शॉर्टस्टॉपला जातो, आउटफिल्डला जातो, बॅटिंग करतो. फक्त त्या सामन्यात माउंडवर परत येता येत नाही. आणि ४१ किंवा जास्त चेंडू टाकले असतील तर त्या दिवशी कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू पकडणारा) होता येत नाही, कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. ही बारीक तरतूद ज्यांनी घातली त्यांना मुलांचा खेळ जवळून माहीत होता.

---

पाणकणीस

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे या आकड्याच्या मागचं थोडं सांगते.

बारा वर्षांच्या मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला हाडाची वाढ अजून चालू असते. तिथे वाढीची कूर्चा असते आणि ती आजूबाजूच्या स्नायुबंधापेक्षा कमकुवत असते. चेंडू फेकताना हात मागून पुढे येतो तेव्हा नेमका त्याच जागेवर ताण येतो. मोठ्या पिचरचा स्नायुबंध फाटतो आणि मग टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते (डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली, म्हणून ते नाव). लहान मुलात बहुतेक वेळा स्नायुबंधाआधी कूर्चाच ओढली जाते. त्या दुखण्याला चक्क 'लिटल लीग एल्बो' म्हणतात.

मुलं सांगत नाहीत, हा मोठा प्रश्न. "दुखतंय का?" असं विचारलं तर सामन्याच्या दिवशी उत्तर नेहमी "नाही". म्हणून मी पालकांना हालचाली बघायला सांगते. कोपर खांद्याच्या रेषेखाली यायला लागलं, चेंडू सतत वर जायला लागले, दोन चेंडूंच्या मध्ये मूल हात झटकायला लागलं, की आकडा ४० असला तरी थांबवा. ८५ ही कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत न्यायलाच हवं असं नाही.

---

कारभारी२

माहिती उत्तम, पण माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. कोपराची काळजी घेतली हे मान्य. मनाचं काय?

शेवटच्या इनिंगमध्ये चूक झालेल्या मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेतात आणि हलवत नाहीत. २०२४ ची फायनल आठवा. फ्लोरिडा विरुद्ध तैवान, १-१ बरोबरीमुळे सामना लांबलेला, आठवी इनिंग. फ्लोरिडाच्या मुलाने बंट केला (बॅट आडवी धरून चेंडू हळूच ढकलला), पहिल्या बेसकडे टाकलेला चेंडू पकडला गेला नाही, आणि दुसऱ्या बेसवरचा रनर घरी पोचला. २-१. फ्लोरिडाचं पहिलंच विजेतेपद, आनंदच आहे. पण तैवानच्या त्या मुलांचे चेहरे पुढे कितीतरी वेळ दाखवत होते. मोठ्या खेळाडूला पैसे मिळतात, त्याने ते सोसावं. बारा वर्षांच्या पोराने का?

---

उत्तररात्र

कारभारी, मुद्दा पटतो, पण तैवानचा विषय निघालाच आहे तर त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९६८ साली ताइतुंगच्या डोंगरातल्या हुंग-ये, म्हणजे 'लाल पान' गावातल्या शाळेच्या संघाने पाहुण्या जपानी संघाला हरवलं. आदिवासी बुनुन समाजातली मुलं. पुढे त्या संघात वय आणि नावं बदलून मुलं खेळवल्याचं बाहेर आलं, तो डाग आहेच. पण त्या एका सामन्याने सगळा देश बेसबॉलकडे वळला. दुसऱ्याच वर्षी, १९६९ ला, ताइचुंगचा गोल्डन ड्रॅगन्स संघ विल्यम्सपोर्टला जाऊन जिंकून आला. तैवानमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असायची, आणि लोक फायनलसाठी जागे असायचे.

१९७१ ते १९७४ ओळीने चार विजेतेपदं. मग १९७५ साली लिटल लीगने अमेरिकेबाहेरचे संघच बोलावले नाहीत. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि १९७७ ते १९८१ तैवान पुन्हा सलग पाच वेळा जिंकला. १९९६ पर्यंत एकूण १७. १९९७ ला त्यांनी लिटल लीग सोडली, काही वर्षांनी परत आले, पण कप काही मिळेना. २०२४ ला तो बंट झाला आणि हुकलं.

आणि २०२५ ला ताइपेच्या संघाने फायनलमध्ये नेवाडाला ७-० हरवलं. १९९६ नंतरचं पहिलं, एकूण अठरावं. कारभारी, आदल्या वर्षी चेहरे पाडून गेलेल्या देशाची धाकटी मुलं पुढच्या वर्षी त्याच मैदानावर उड्या मारत होती. मी तो सामना संपल्यावरही टीव्ही बंद केला नाही.

---

कारभारी२

उत्तररात्र, गोष्ट सुंदर आहे. पण जिंकलेली मुलं वेगळी आणि हरलेली वेगळी. आदल्या वर्षीच्या मुलांना दुसरी संधी नाही, ती तेरा वर्षांची झाली. माझा आक्षेप तसाच आहे. सामने दाखवा, रडणारं पोर दाखवू नका. एवढं करायला काय जातं?

---

अंगणवेल

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि पिचर आहे, म्हणून हा धागा दोनदा वाचला.

दुसरा_बेस, तुम्ही म्हणता तो नियम लिटल लीगच्या सामन्यांपुरता आहे. आठवड्यात तो लिटल लीगला ६० चेंडू टाकतो, तिथे वहीत लिहिलं जातं, विश्रांती मोजली जाते. शनिवारी त्याचा ट्रॅव्हल टीमचा (लिटल लीगबाहेरच्या, गावोगावी जाऊन खेळणाऱ्या संघाचा) सामना असतो आणि तिथे ती वही कुणाकडेच नसते. आमच्या ट्रॅव्हल टीमच्या कोचला मी सांगितलं की गुरुवारी त्याने ६० टाकलेत. उत्तर आलं, "ते त्यांचं, हे आमचं." मुलगा एक आणि हातही एकच.

त्या दिवशी मी त्याला खेळू दिलं नाही. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढच्या सामन्यात संघाने त्याला बसवून ठेवलं. इथे अजून कुणाची मुलं दोन संघांतून खेळतात का? तुम्ही काय करता?

---

पाणकणीस

अंगणवेल, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत.

मेजर लीग (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल यांची मिळून 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात ११-१२ वयाला दिवसाला ८५ हीच मर्यादा आहे, शिवाय एकाच वेळी दोन संघांसाठी पिचिंग टाळा आणि वर्षातले किमान चार महिने पिचिंग पूर्ण बंद ठेवा, असं स्पष्ट म्हटलंय. ते छापून कोचच्या हातात द्या. आईचं म्हणणं बाजूला सारतात, पण मेजर लीगचं नाव असलेला कागद बाजूला सारणं जड जातं.

आणि वही तुम्हीच ठेवा. तारीख, संघ, चेंडू, दुसऱ्या दिवशी हात कसा होता. चार रकाने पुरे.

---

दुसरा_बेस

अंगणवेल, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. हे या पद्धतीचं मोठं भगदाड आहे. विल्यम्सपोर्टला दोन आठवडे सगळं काटेकोर असतं, कारण सगळी मुलं एका छपराखाली आणि सगळे सामने एका वहीत असतात. जूनमधल्या नेहमीच्या सामन्यांत तसं नसतं. मी आमच्या लीगमध्ये हे मांडणार आहे: सामन्याआधी पालकांकडून मागच्या चार दिवसांतले बाहेरचे चेंडू लिहून घ्यायचे आणि आपल्या आकड्यात धरायचे. सक्ती करता येणार नाही. पण विचारल्यावर बहुतेक पालक खरं सांगतील असं वाटतं.

---

मीनल_प

मोठ्या मुलांच्या स्पर्धांतही असे नियम आहेत का? जपानमध्ये शाळेची मुलं शेकड्याने चेंडू टाकतात असं ऐकलं होतं.

---

उत्तररात्र

हो, कोशिएन. ती देशांतर्गत शालेय स्पर्धा, वय १५ ते १८. १९९८ साली दाइसुके मात्सुझाकाने १७ इनिंगच्या एका सामन्यात २५० चेंडू टाकले होते. २०१८ ला अकिता प्रांतातल्या शेतकी शाळेच्या कोसेइ योशिदाने संपूर्ण स्पर्धेत ८८१ टाकले. त्यानंतर तिथे खूप चर्चा झाली आणि २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली. लिटल लीगच्या आकड्यांशेजारी ठेवलं तर हे अजूनही फारच सैल आहे. मला कोशिएन मनापासून आवडतं, पण त्या २५० चेंडूंचं कौतुक ऐकलं की अंगावर काटा येतो.

---

चाफेकळी

मुलींबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

१९७२ साली होबोकनच्या मारिया पेपेने तीन सामन्यांत पिचिंग केलं आणि मग ती मुलगी आहे म्हणून तिला काढायला लावलं. प्रकरण न्यू जर्सीत लढलं गेलं, आणि १९७४ साली लिटल लीगची दारं मुलींना उघडली. वर्ल्ड सिरीजमध्ये पहिली मुलगी खेळली ती १९८४ साली, व्हिक्टोरिया रोश, ब्रसेल्सच्या संघातून.

आणि २०१४ ची मोने डेव्हिस! फिलाडेल्फियाच्या टेनी ड्रॅगन्सची पिचर. नॅशव्हिलविरुद्ध ४-० विजय, ७० चेंडू, दोनच हिट, आठ जण स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद). या स्पर्धेत सामना जिंकून देणारी ती पहिली मुलगी पिचर. धाग्याच्या विषयाशी जोडायचं तर पुढचं बघा. ७० चेंडू, म्हणून चार दिवस विश्रांती. मग ती लास वेगासविरुद्ध उतरली, ५५ चेंडू टाकले आणि संघ हरला. दुसऱ्या दिवशी शिकागोविरुद्ध हरलं की बाहेर, असा सामना होता आणि तिला माउंडवर जाताच येत नव्हतं. फिलाडेल्फिया ६-५ ने हरली. तेव्हा तिचे सामने बघायला लाखो लोक टीव्हीसमोर बसायचे, पण तिच्यासाठीही नियम वाकवला नाही.

---

दुसरा_बेस

चाफेकळी, हे उदाहरण मूळ लेखातच यायला हवं होतं, इतकं नेमकं आहे.

तुम्ही नाव काढलंत त्या शिकागोच्या संघाची गोष्टही सांगतो. जॅकी रॉबिन्सन वेस्ट. त्यांनी तेव्हा अमेरिकेचं विजेतेपद मिळवलं, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत ते काढून घेतलं गेलं, कारण मोठ्यांनी हद्दीबाहेरची मुलं संघात घेतली होती. १९९२ ला फिलिपिन्सच्या झांबोआंगाचंही असंच झालं. २००१ ला ब्राँक्सच्या संघातला परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोचू न दिलेला सामना) टाकणारा पिचर १४ वर्षांचा निघाला. प्रत्येक वेळी कागद मोठ्यांनी बनवले आणि बदनामी मुलांच्या वाट्याला आली. कारभारी, तुमच्या मूळ आक्षेपाशी मी इथे पूर्ण सहमत आहे.

---

रेवाकाठ

मी प्रत्यक्ष जाऊन आले आहे, थोडं त्याबद्दल. तिकीट लागत नाही, प्रवेश मोफत. लमाडच्या आउटफिल्डमागे गवताची टेकडी आहे. पोरं पुठ्ठे घेऊन वर चढतात आणि घसरत खाली येतात, दिवसभर. सामना चाललेला असला तरी निम्म्या पोरांचं लक्ष पुठ्ठ्यात. मैदानाबाहेर पिनांची (कपड्यांवर लावायच्या बिल्ल्यांची) देवघेव चालते. आमच्या शेजारी मेक्सिकोचा आणि जपानचा असे दोन मुलगे बसले होते, एकमेकांची भाषा अजिबात येत नव्हती, आणि बोटांनी खुणा करून एका मोठ्या पिनेच्या बदल्यात दोन लहान असा सौदा ठरला. दोघांनी हात मिळवले, मग एकाने विचार बदलला, मग पुन्हा हात मिळवले.

कारभारी, टीव्हीवर हे फार कमी दिसतं. सगळ्या संघांची मुलं एकाच आवारात राहतात. हरलेली मुलं संध्याकाळी त्याच टेकडीवर असतात.

---

उत्तररात्र

मेक्सिको म्हटल्यावर १९५७ चं माँटेरे लिहायलाच हवं. ती मुलं रेनोसाहून सीमा ओलांडून मॅकअॅलनपर्यंत दहा-बारा मैल चालत गेली. एक-दोन सामने खेळून परत यायचं म्हणून थोड्याच दिवसांचा व्हिसा होता. जिंकत गेली आणि थेट विल्यम्सपोर्टला पोचली. फायनलला आन्हेल मासियास, दोन्ही हातांनी फेकता येणारा मुलगा, त्या दिवशी उजव्याने टाकत होता. १८ बॅटर आले, १८ आउट, त्यातले ११ स्ट्राइक आउट. कॅलिफोर्नियाच्या ला मेसाचा ४-० पराभव. फायनलमधला तो आजवरचा एकमेव परफेक्ट गेम, आणि अमेरिकेबाहेर कप नेणारा तो पहिला संघ.

युगांडाचंही. २०११ ला कंपालाचा संघ पात्र ठरला आणि व्हिसाच नाकारला. पुढच्या वर्षी लुगाझीची मुलं आली, आफ्रिकेतला पहिला संघ.

---

मीनल_प

यंदा मी पहिल्यांदाच नीट बघणार आहे, मुलीला घेऊन. कुठल्या दिवसापासून सुरुवात करू? आणि समोरच्या भारी बॅटरला मुद्दाम वॉक दिला (न खेळवता पहिल्या बेसवर जाऊ दिलं) तर ते चेंडू मोजतात का?

---

दुसरा_बेस

मुद्दाम वॉक नुसता जाहीर केला, एकही चेंडू टाकला नाही, तरी पिचरच्या नावावर चार धरतात. मॅनेजरला तोही हिशेब करावा लागतो.

सुरुवात दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारपासून करा. मुलीला कागद द्या, प्रत्येक संघाच्या दोन मुख्य पिचरची नावं लिहायला सांगा आणि सामना संपला की नावापुढे आकडा. शेजारी तो कुठल्या दिवशी पुन्हा टाकू शकेल तो वार. शनिवारी मॅनेजर डगआउटमधून निघाला की तो कुणाला बोलावणार हे तिने आधी सांगायचं. माझ्या भाचीला मी असंच शिकवलं, आता ती माझ्याआधी सांगते.